ठमीची चाल

"बदक मेलंय," मुळ्ये सर म्हणाले.

पडद्यावर आमचं बदक डावीकडून उजवीकडे चालत होतं. कडेला पोचलं की पुन्हा डावीकडून सुरू. नुसतं पेन्सिलीनं काढलेलं, ना रंग ना मागे काही. सरांनी ते तसंच चालू ठेवलं आणि वर्गाकडे वळून विचारलं, "कुणाला हसू आलं?"

कुणालाच आलं नव्हतं.

"हे बदक नाही, चाकं लावलेलं मडकं आहे. पुष्कराज, तू आयुष्यात बदक बघितलंयस का रे?"

"हो सर. गंगेवर, गोदाघाटावर जाऊन शूट करून आणली होती बदकं."

"मग त्यांना कळलं असणार तू काय करणारेस ते. बिचारी आधीच मेल्यासारखी चालली असतील."

आता मात्र वर्ग हसला. पुष्कराज मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या एका बाजूला हर्षदा, दुसऱ्या बाजूला मी. आमचा तिघांचा ग्रुप होता.

नाशिकला गंगापूर रोडवर फर्निचरच्या एका मोठ्या दुकानावर आमची संस्था होती. ॲनिमेशनचा तीन वर्षांचा कोर्स, आणि मी सांगतेय ते दुसऱ्या वर्षाचं. दुसऱ्या वर्षी प्रत्येक ग्रुपनं एक छोटी फिल्म करायची असायची. पण सरांचा नियम कडक होता. एकदा रंगवायला बसलं की मागे फिरता येत नाही, म्हणून आधी सगळं तपासून घ्यायचं. कथा, मग चित्रांची पानं, मग ती पानं आवाजाबरोबर एकामागून एक लावून बनवलेला कच्चा आराखडा. त्याला ॲनिमॅटिक म्हणतात. आणि मुख्य पात्राची चाल. या सगळ्यावर सरांचा शिक्का बसेपर्यंत रंगाच्या ब्रशला हात लावायचा नाही.

कथा माझी होती. पोलीस मैदानावर परेड चाललेली असते आणि एक बदक रांगेच्या शेवटी येऊन उभं राहतं. त्याला काही केल्या पाऊल जुळवता येत नाही. हवालदार ओरडतो, हाकलतो, ते पुन्हा येतं. शेवटी साहेब सलामी घ्यायला येतात तेव्हा सगळी पलटणच बदकासारखी चालायला लागलेली असते. बदकाचं नाव मी ठमी ठेवलं होतं.

"गोष्ट बरी आहे उज्ज्वलाची," सर म्हणाले, "पण तिच्यातला सगळा विनोद चालीत आहे. चाल हसवत नसेल तर फिल्म नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवा. तेव्हाही मेलेलं असेल तर तिघांना तीन ग्रुपांत वाटून टाकीन. दुसऱ्यांची आकाशं रंगवत बसा."

पुष्कराजच्या हातात जे होतं ते वर्गात कुणाच्याच हातात नव्हतं. समोर बसलेल्या माणसाचा नुसता खांदा काढला तरी ओळखू यायचा. बोलायचा कमी. ग्रुप एक असूनही माझ्याशी तो कामापुरतंच बोलत असे. त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी संस्थेच्या फाटकाशी तो थांबलेला दिसला आणि "स्टँडकडे चाललीस का? मलाही तिकडंच जायचंय" असं म्हणाला, तेव्हा मला नवल वाटलं.

मी रोज सिन्नरहून एसटीनं येऊन-जाऊन करायची. संस्थेपासून स्टँड चांगलं लांब होतं, पण मला रिक्षापेक्षा चालत जायला आवडायचं. माझ्या डाव्या पायात जन्मापासून दोष आहे. खुब्याचा सांधा जागेवर नव्हता. लहानपणी ऑपरेशन झालं, पण तो पाय आखूड राहिला. त्याचं मला फार काही वाटत नसे. एवढंच व्हायचं की कुणाबरोबर चालायला लागले की ती व्यक्ती हळूहळू पुढे जायची. मग लक्षात आलं की थांबायची, मी पोचले की हसायची, पुन्हा पुढे जायची. शाळेपासून सगळ्या मैत्रिणींच्या पाठी मला पाठ झाल्या होत्या.

पुष्कराज मागे राहायचा.

त्याची बुटाची नाडी सुटायची. फोन यायचा. कुठल्या तरी दुकानाची पाटी बघत तो उभा राहायचा. "तू हो पुढे, मी आलोच," म्हणायचा. मी पुढे चालत राहायचे, मग तो धावत यायचा, थोडा लाल झालेला. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी माझ्या मागून चालणारं भेटलं होतं.

मी हर्षदाला सांगितलं. ती माझी त्या दोन वर्षांतली एकमेव मैत्रीण. नाशिकचीच, संस्थेच्या जवळ राहणारी. डबा आम्ही एकत्र खायचो.

"लाजतो तो," हर्षदा म्हणाली.

"कशाला लाजेल?"

"कशाला म्हणजे? काही मुलांना मागून बघायला आवडतं. तू आपली पुढे पुढे चालत राहा. मागे वळून बघू नकोस सारखी." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "आणि हे गुडघ्याएवढे कुर्ते घालणं सोड बाई. माझी जीन्स देते. वरती आखूड टॉप घाल."

मी जीन्स कधी घातली नव्हती. कुर्ते आई शिवायची, लांबच शिवायची, आणि का ते मी कधी विचारलं नव्हतं. हर्षदाच्या घरी तिच्या जीन्सचा डावा पाय आम्ही आतून दुमडून टाके घातले. तिनंच घातले, दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "आता बघ."

त्या संध्याकाळी पुष्कराज किती तरी वेळ मागे राहिला. मी एकदा वळून बघितलंच. कानामागे केस सारले आणि हसले. तो फोन हातात धरून उभा होता. त्यानं पटकन फोन खाली घेतला आणि तोही हसला. सिन्नरपर्यंत मी गाणी गुणगुणत होते.

चाचणीच्या दिवशी सरांनी पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलंही बोलावली. ऑफिसातली माणसंही आली. सर म्हणायचे, आपल्या ग्रुपचं हसू खोटं असतं. ज्याला काही माहीत नाही तो हसला तर खरं. खुर्च्या पुरेनात, मुलं मागे भिंतीला टेकून उभी राहिली. पुष्कराजनं नवी चाल आधी मला दाखवली नव्हती. "सरप्राइज आहे," म्हणाला होता. हर्षदा माझ्याशेजारी बसली नाही, पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. जागा नसेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दिवे बंद झाले. ठमी आली.

तिचं अंग प्रत्येक पावलाला डाव्या बाजूला खचत होतं आणि उजवा खांदा वर उडत होता. खचताना मान थोडी पुढे जायची, जमिनीची माफी मागितल्यासारखी, आणि लगेच पुढचं पाऊल घाईघाईनं पडायचं. मागे राहिलेलं भरून काढायचं असल्यासारखं. चोच मात्र वर, ताठ, कुणी बघत नाहीये अशा थाटात.

आधी मी हसले. खरंच, सगळ्यांत आधी. मग सगळा हॉल हसला. सर हसले, ऑफिसातले अण्णा खुर्चीच्या हातावर थापा मारून हसले. माझी ठमी जिवंत झाली होती. मला वाटलं, आता फिल्म होणार.

तेवढ्यात मागून, पहिल्या वर्षाच्या मुलांमधून, कुणी तरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, ही तर उज्ज्वला!"

आणि मग पुन्हा हसू फुटलं, पण हे हसू वेगळं होतं. त्यात "शूऽऽ" होतं, नाकातून निघालेले आवाज होते, खुर्च्यांची करकर होती.

मला काही कळलं नाही. कथा उज्ज्वलाची, असं कुणी तरी सांगतंय असं मला वाटलं. मी खुर्चीतच मागे वळले आणि हात वर केला. नाटकात लेखकाचं नाव घेतल्यावर लेखक करतो तसा. हसलेसुद्धा.

हसणं थांबेना. मी हर्षदाकडे बघितलं. ती मांडीवरच्या ओढणीचे गोंडे मोजत असल्यासारखी खाली बघत होती. मग मी पुन्हा पडद्याकडे बघितलं.

ठमी अजून चालतच होती. तिनं डावा पंख मांडीवर दाबून धरला होता.

बदक असं करत नाही. मी करते. पायरी आली, उतार आला, गर्दी आली की माझा डावा हात आपोआप मांडीवर जातो आणि दाबतो. तो हात मी ओळखला, मग ती मान ओळखली, मग सगळंच. मी कशी चालते हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं. आरशासमोर माणूस उभा राहतो, चालत नाही.

"लाइट लावा," सर म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते हसून. "याला म्हणतात चाल! पुष्कराज, रेफरन्स काय घेतलास?"

पुष्कराज उभा राहिला. "निरीक्षण, सर."

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलेलं होतं. "मंजूर," ते म्हणाले.

हॉल रिकामा झाल्यावर मी कॉम्प्युटर लॅबमध्ये गेले. पुष्कराज तिथेच होता, हर्षदाही होती.

"दाखव," मी म्हणाले.

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, निदान गप्प बसेल. त्यानं सरळ उघडून दाखवलं. व्हिडिओच व्हिडिओ. गंगापूर रोड, कॉलेज रोड, अशोकस्तंभ. सगळीकडे माझी पाठ. आधी कुर्त्यात, मग हर्षदाच्या जीन्समध्ये.

"कुर्त्यात कंबर दिसत नव्हती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात लाज नव्हती, उत्साह होता. "खरी हालचाल खुब्यातून सुरू होते. हे बघ, इथं कसं वजन पडतं. हे कुठल्या पुस्तकात नाही मिळणार."

"मला विचारायचं होतंस."

"अगं, विचारलं असतं तर तू सरळ चालायला गेली असतीस," हर्षदा मध्येच म्हणाली. "मग काय उपयोग? आम्ही सांगणारच होतो तुला, नंतर. आणि फिल्म तुझीच आहे ना? तुझ्यासाठीच केलं."

एका व्हिडिओत मी मागे वळले, कानामागे केस सारले आणि हसले. माझं तोंड पडदाभर आलं.

"हा वापरता नाही आला," पुष्कराज म्हणाला. "वळतेस तिथं चाल तुटते."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते चहा पीत होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "बस. दुखलं का?"

मी मान डोलावली.

"मी तुझ्याकडे बघत होतो. ठमी आली तेव्हा हॉलमध्ये पहिलं कोण हसलं?"

मी त्यांच्या कपाकडे बघत राहिले.

"सांग की. कोण हसलं?"

"मी."

"मग? स्वतःची आहे हे माहीत नव्हतं तेव्हा तुला ती चाल विनोदी वाटली. म्हणजे ती विनोदी आहे. आता माहीत झालं म्हणून ती बदलत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "तक्रार करायची असेल तर लेखी दे. ग्रुप मोडेन, फिल्म बंद करेन, तुझी कथा कपाटात ठेवशील. नाहीतर जाऊन काम कर."

मी जाऊन कामाला लागले.

दुसऱ्या दिवसापासून सगळे मला ठमी म्हणायला लागले. पाठीमागे नव्हे, तोंडावरच, आणि लाडानं म्हणतोय अशा सुरात. "ठमे, स्टेपलर दे गं." मी नाव ठेवलं होतं ना, मग मी चिडायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. हर्षदा म्हणत नसे, पण कुणी म्हटलं की हसायची.

ॲनिमॅटिकमध्ये एकच जागा अडली होती. साहेब सलामी घ्यायला उभे राहतात त्या चौथऱ्याला पायऱ्या होत्या आणि ठमी त्या चढते असं मी लिहिलं होतं. पुष्कराजला ती चढण जमेना. एक दिवस दुपारी तो माझ्या टेबलाशी आला.

"जिन्याचा रेफरन्स नाही माझ्याकडे," तो म्हणाला. "तू रस्त्यानंच जायचीस ना. आता तुला माहीतच आहे, तर एकदा आपल्या जिन्यावर चढून दाखवतेस का? मी कॅमेरा लावतो."

त्याला यात काहीच वावगं वाटत नव्हतं. तो खरोखर कामाबद्दलच बोलत होता, आणि ते जास्त भयंकर होतं.

"दाखवते," मी म्हणाले. "पण आधी तू चढायचं. ॲनिमेटरनं स्वतः करून बघितल्याशिवाय काढू नये, असं सरच सांगतात."

डबा खायची वेळ होती. संस्थेचा जिना रुंद होता आणि सगळी मुलं तिथंच पायऱ्यांवर बसून जेवायची. मी त्यांना कडेला सरकायला सांगितलं. काही तरी गंमत आहे म्हणून सगळे सरकले. पुष्कराज खाली उभा राहिला आणि दोन-चार पायऱ्या लंगडत चढला. मुलं हसली.

"लंगडू नकोस," मी म्हणाले. "पाय दुखरा नाहीये, आखूड आहे. कंबर खाली सोड. पुन्हा."

तो पुन्हा चढला.

"अजून सोड. पडशील असं वाटलं पाहिजे. हात मांडीवर दाब. तसा नाही, जोरात. का दाबायचा माहीत आहे? खुबा बाहेर येईल असं वाटतं म्हणून. खाली जा, पुन्हा ये."

तो खाली गेला, पुन्हा आला. आता हसणारे त्याला हसत होते. कुणी तरी "ठम्या!" म्हणून ओरडलं. त्याचे कान लाल झाले.

"मान वर. कुणाला काही कळत नाहीये असं तोंड कर. आता मागून कुणी तरी येतंय, घाईत आहे. भिंतीला चिकट. त्याला वाट दे. हस त्याच्याकडे बघून. 'सॉरी' म्हण."

"सॉरी," पुष्कराज भिंतीला म्हणाला.

"पुन्हा."

"बस ना, उज्ज्वला."

"चाल गोल गोल फिरते, संपत नाही. तूच शिकवलंस मला. खालून ये."

मला बरं वाटत होतं. त्याला घाम फुटला होता, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि हर्षदा डबा बंद करून उभी राहिली होती, आणि मला फार बरं वाटत होतं. मी त्याला पुन्हा पाठवलं, आणि पुन्हा. शेवटी त्याचा पाय अडखळला. गुडघा पायरीच्या कडेवर आपटला आणि तो तिथंच बसला. आता कुणी हसलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "दुखतंय गं," तो म्हणाला. "कमरेतून दुखतंय."

"हो," मी म्हणाले. "दुखतं."

तेवढ्यात वरून टाळी वाजली. वळणावर मुळ्ये सर उभे होते. कधीपासून होते देव जाणे. आता मला झापतील, असं मला वाटलं. खरं तर मला तेच हवं होतं.

"हर्षदा, कॅमेरा आण," सर म्हणाले. "हेच शूट करा. अगदी असंच. पुष्कराज, ऊठ. उज्ज्वला, तू बोलत राहा. तू सांगतेस तेव्हा त्याच्या अंगात येतंय."

मी नको म्हणाले नाही. मी बोलत राहायची गरजही नव्हती. पुष्कराज उठला होता, डोळे पुसले होते, आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लागल्याबरोबर तो चढायला लागला. गुडघा सुजलेला, कंबर खचलेली, हात मांडीवर. भिंतीपाशी थांबून त्यानं वाट दिली, हसला, सॉरी म्हणाला. सगळं अगदी बरोबर केलं.

फिल्म पुढे पूर्ण झाली. लोकांना सगळ्यांत जास्त आवडतो तो पायऱ्यांचाच शॉट.

काम पक्कं झालं की, रंगवायला सुरुवात करण्याआधी, संस्था सगळ्या ग्रुपांचे आराखडे पालकांना दाखवायची. मी घरी सांगितलंच नव्हतं. पण ऑफिसातून फोन गेला आणि आई आली. ती सिन्नरला अंगणवाडीत शिकवायची. अर्धी रजा टाकून, ठेवणीतली साडी नेसून आली होती. त्या इमारतीत ती पहिल्यांदाच येत होती. माझ्या शेजारी बसली आणि मांडीवर पिशवी घट्ट धरली.

आमचा नंबर आला. हवालदाराची आरोळी झाली, मैदान आलं, रांग आली. आणि रांगेच्या मागून ठमी.

हॉल हसला. मागे कुणी तरी दबक्या आवाजात "आली बघ" म्हणालं. मी पडद्याकडे बघत नव्हते. मी आईकडे बघत होते.

आई हसली. आधी नुसतं तोंड, मग आवाज करून, मग मोठमोठ्यानं. आमच्या घरात मी तिला इतकं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेतले लोक वळून तिच्याकडे बघायला लागले आणि तिचं हसणं बघून आणखी हसायला लागले. पायऱ्यांचा शॉट आला तेव्हा तिनं पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

दिवे लागले. आईनं डोळे पुसले. "कुणी काढलं गं ते बदक?"

मी बोट दाखवलं.

ती उठून थेट पुष्कराजकडे गेली. मला तिला थांबवायचं होतं, पण ती माझ्याहून खूप भरभर चालते. मी पोचेपर्यंत पुष्कराज तिच्या पायाशी वाकला होता आणि आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता.

"मोठा हो," आई म्हणाली. "फार हुशार आहेस रे. आमच्या उज्ज्वलाला सांभाळून घे हां कामात."

"हो काकू," पुष्कराज म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

मुळ्ये सर आले. "ताई, तुम्ही हसलात आणि मग सगळा हॉल आणखी हसला. असा प्रेक्षक पाहिजे आम्हाला."

"छान शिकवता तुम्ही पोरांना," आई म्हणाली.

आम्ही स्टँडकडे निघालो. आईनं माझी बॅग स्वतःच्या खांद्याला लावली. ती माझ्या शेजारून चालत होती, अगदी माझ्याच वेगानं. मला तिचा इतका राग कधी आला नव्हता. एवढी वर्षं घरात वाढवलं, आणि हिला ओळखूसुद्धा येऊ नये?

अशोकस्तंभ आला. मग राहवलं नाही.

"आई, ते बदक."

"हं."

"ते मी आहे. त्यानं माझे व्हिडिओ काढले चोरून. मागून."

आई थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "कळलं मला. पहिल्याच पावलाला."

"कळलं?"

"तुला चालायला मी शिकवलंय, उज्जू. दोन्ही हात धरून. मला कळणार नाही?"

"मग हसलीस कशाला?"

"सगळे हसायला लागले होते." तिनं बॅगेचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मी एकटी गप्प बसले असते, तर लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं असतं. मग माझ्या शेजारी तुझ्याकडे. म्हणून हसले. पुढचं काही बघितलंच नाही, पदर होता तोंडावर."

"आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवलास तो?"

"तुला अजून वर्ष काढायचंय ना तिथं."

ते वर्ष मी काढलं. पुष्कराजच्या शेजारच्या टेबलावर बसून, कामापुरतं बोलत काढलं. आजही मी याच धंद्यात आहे. पण ते सगळं नंतरचं.

स्टँडवर सिन्नरची गाडी नुकतीच लागत होती. गाडी अजून थांबलीही नव्हती तोच लोक दाराला लोंबकळले. रोज मी शेवटी चढायची, गर्दी आत गेली की. तशीच बाजूला उभी राहिले. आईनं माझा दंड धरला आणि मला ओढत सरळ त्या घोळक्यात घुसली. कोपरं मारत, पिशवी मारत. एका माणसाला तिनं असा धक्का दिला की तो दांडीवर आपटला.

"ओ बाई!" तो ओरडला. "डोळे फुटले का? रांगेत या की!"

आई त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला भीती वाटली.

"तुझे फुटलेत!" ती किंचाळली. "दिसत नाही तुला? माझी पोरगी अधू आहे! अधू आहे ती! सरक!"

तो शब्द आमच्या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. स्टँडवरच्या सगळ्यांनी वळून बघितलं. शेंगावाल्यानं बघितलं, पलीकडच्या गाडीतल्या बायकांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या. तो माणूस बाजूला झाला. त्याच्यामागचे लोकही बाजूला झाले, आणि दारापर्यंत सरळ वाट झाली.

आईनं माझा दंड अजून धरलेलाच होता. मी तिचा हात सोडवला, मांडीवर माझा हात दाबला, आणि सगळे बघत असताना पायऱ्या चढून आत गेले.